दोस्तपाड्यातले कुडाचे घर

मित्रांनो, मी एक कुडाचे घर आहे. दाभोशाच्या नदीकाठच्या चढावर, जिथे भातशेती संपते आणि रान सुरू होते, तिथे मी तीस वर्षे उभे आहे. जव्हारच्या राजवाड्याला माझे वय ऐकून हसू येईल. पण तो दगडाचा आहे. माझे खांब ऐनाच्या लाकडाचे. माझ्या भिंती म्हणजे कारवीच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून बांधलेला कुड, आणि त्यावर दोन्ही अंगांनी माती, शेण व भाताचे तूस यांचा लेप. अशा घराला तीस वर्षे उभे ठेवायचे तर दरसाल कोणाला तरी गुडघे टेकून बसावे लागते. विद्वान मंडळी या बांधकामाला ‘कच्चे’ म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याने कुड कधी सारवला नसावा, एवढेच मी नम्रपणे नोंदवते.

माझ्याविषयी कोणत्याही ग्रंथात एक ओळही नाही. या मुलखाविषयी कमी लिहिले गेले असे मात्र समजू नका. १९९२-९३ साली वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा कितीतरी लिहिले गेले. आधी मुले गेली आणि मग जीपगाड्या आल्या. हा क्रम ध्यानात ठेवा, कारण तो फारसा बदलत नाही. त्यांतल्या एका जीपमधून, एका संस्थेच्या वतीने, मुलांची वजने करण्यासाठी नाशिकचा एक तरुण उतरला. त्याचे नाव धनेश. त्याला पाड्यापाड्यांची वाट दाखवायला जिवा नावाचा येथलाच शेतकरी सोबत दिला होता. कोणत्या घरात बाळाची झोळी बांधली आहे आणि कोणत्या घरातली नुकतीच सोडली आहे, हे जिवाला ठाऊक होते. धनेश काटा धरी, जिवा मूल धरी. अहवाल पुरे झाले, जीपगाड्या परत गेल्या. धनेशही गेला, परंतु पुढल्याच महिन्यात मोखाड्याच्या बसने, काटा न घेता, तो परत आला.

मित्रांनो, धनेश आणि जिवा यांचे एकमेकांवर प्रेम होते. नवरा-बायकोचे असते तसेच. हे साधे वाक्य मी तीस वर्षे भिंतींच्या आत धरून ठेवले आहे. ते मोठ्याने उच्चारणाऱ्याला तुरुंगात धाडण्याची सोय त्या काळी कायद्यात होती आणि त्या कायद्याचे वय माझ्या पाचपट होते.

१९९५ च्या हिवाळ्यात जिवाने आपल्या शेताच्या कडेला मला बांधले. एक खोली, एक चूल, पुढे ओटा. धनेश नाशिकच्या महाविद्यालयात भूगोल शिकवू लागला होता. शनिवारी दुपारी तो येई आणि सोमवारी पहाटेच्या जीपने जाई. काही काळाने त्याच्याबरोबर त्याचे मित्र येऊ लागले. पहिला आला हरेश, मुंबईचा शिंपी, बोलका आणि देखणा. मग आणखी दोन, मग सात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी रंगकाम करणारा. सगळे आपापल्या घरी कोणी वेगळेच होऊन राहत आणि इथे येऊन आपले खरे कपडे घालत. अंगावरचे नव्हे, चेहऱ्यावरचे.

हिवाळ्यात नदी आटली की डोहाकाठी वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. हरेशने त्याला ‘आपला बीच’ असे नाव दिले. खरा समुद्र येथून पश्चिमेला, डोंगर उतरले की आहे. पण तिथे डोळेही लाटांइतकेच होते. म्हणून ही मंडळी समुद्रकिनारा शोधायला डोंगर चढली. माणसांच्या इतिहासात यापेक्षा शहाणपणाचे उलटे प्रवास थोडेच असतील.

एके दिवशी हरेश काळा चष्मा लावून त्या वाळूत उताणा पडला होता. जिवाचा चुलता बुध्याबाबा गुरे घेऊन तिथून चालला होता. तो थबकला.

“जिवा, ह्या मानसाला वाळत का घातलांय?”

“मुंबईला त्याच्या घरात ऊन येत नाय, बाबा.”

“मंग कौलांवर टाक ना. वाळूत मासली वाळवतात.”

तेव्हापासून जीपवाले फाट्यावर थांबून ओरडत, “चला, बीचवाले उतरा!” पुढे माझ्या शेजारी आणखी तीन झोपड्या झाल्या आणि लोक या जागेला दोस्तपाडा म्हणू लागले. ही मंडळी आपण लपलो आहोत अशा समजुतीत होती. सगळ्या पाड्याला सगळे पहिल्या वर्षापासून माहीत होते. पाड्याने त्यावर परिसंवाद भरवला नाही, एवढेच.

माझी रचना कशी बदलत गेली तेही सांगते, कारण घरांचा इतिहास हा मुख्यतः भीतीचा इतिहास असतो. मित्र वाढले तशी पडवी तीन बाजूंनी फिरली. मग नदीकडे, पश्चिमेच्या भिंतीत, एक मागचे दार पाडले. हवेसाठी, असे हरेश सांगे. ते पळण्यासाठी होते. पायवाटेच्या बाजूला मात्र एकही खिडकी नव्हती. २००९ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सांगितले की ही माणसे गुन्हेगार नाहीत. त्या हिवाळ्यात जिवाने पायवाटेकडचा कुड कापून मला पहिली खिडकी दिली. २०१३ च्या डिसेंबरात अधिक मोठ्या न्यायालयाने सांगितले की नाही, ती गुन्हेगारच आहेत. हरेशने खिडकीला फळ्या ठोकल्या. जिवाने त्याला हातोडी दिली नाही. खिडकीच्या त्या कोनाड्यात पाच वर्षे एक कोंबडी अंडी उबवीत राहिली. कोंबडीच्या धोरणात त्या काळात काही फेरफार झाला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात पुन्हा निकाल बदलला आणि फळ्या निघाल्या.

त्या आनंदात एक चूक झाली. आता आपण पक्के झालो, तेव्हा घरही पक्के करू, असे हरेशच्या मनाने घेतले. पश्चिमेकडच्या भिंतीवर पाऊस आदळतो. तिच्यावर त्याने सिमेंटचा गिलावा चढवला. जिवाने त्याला सांगून पाहिले, “हरेश, कुड श्वास घेतो. त्याचं तोंड बांधू नको.” पण प्रेमाने केलेली चूक अडवणे कठीण असते. बाहेरून ती भिंत शहरातल्यासारखी गुळगुळीत दिसू लागली. आत कारवी घामेजली, कुजली, आणि वाळवीने ती सावकाश वाचून काढली.

पाहुणे माझ्या भिंतींवर चित्रेही शोधत. आदिवासी घर म्हणजे पांढरी चित्रे असलीच पाहिजेत, असे त्यांनी कुठेतरी वाचलेले असे. जिवा त्यांना म्हणे, “लगीन असलां का कुडावर चौक लिवतात. तुमी लावा आमचां लगीन, उद्या लिवतो.” पाहुणे हसत. धनेश हसत नसे.

धनेश दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि पुस्तकांच्या बावीस खोक्यांसह कायमचा येथे राहायला आला. त्या दोघांना सलग एक वर्ष मिळाले. भाद्रपदात जिवाला ताप आला आणि तो उतरेना, तेव्हा धनेशने त्याला जीपमधून दूरच्या रुग्णालयात नेले. तिथे खिडकीतल्या माणसाने विचारले, “पेशंटचे तुम्ही कोण?” तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या त्या माणसाला योग्य शब्द सापडला नाही. तो म्हणाला, “मित्र.” “मित्र चालत नाही. नातेवाईक आणा.” मग जीप माघारी आली आणि जिवाची बहीण सुकरी भाताच्या शेतातून तशीच, चिखलाच्या पायांनी गेली. तिने अंगठा उठवला. त्या मधल्या वेळामुळे जिवा गेला असे मी म्हणणार नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला. परंतु तेवढा वेळ रुग्णालयाच्या बाकावर बसलेला धनेश जिवाचा कोण होता, हे सांगणारे पान या देशाच्या कायद्यात नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अशा जोडप्यांच्या विवाहाबाबतचा निकालही आला. न्यायालयाने विषय अत्यंत विद्वत्तापूर्वक चर्चिला आणि तो संसदेकडे सोपवला.

शेत आणि मी सुकरीच्या वाट्याला आलो. आदिवासींची जमीन बाहेरच्या माणसाकडे जाऊ नये असा कायदा आहे आणि तो न्याय्य आहे. त्यासाठी येथल्या लोकांनी फार सोसले आहे. पण धनेशची अवस्था पाहा. एक कायदा न्याय्य होता म्हणून आणि दुसरा अस्तित्वातच नव्हता म्हणून, जिथे त्याचे आयुष्य गेले त्या घरात तो एका भाद्रपदात परका झाला.

त्याच हिवाळ्यात माझी पश्चिमेची भिंत कोसळली. सिमेंटचा पापुद्रा अख्खा उभा होता. मागे भिंतच नव्हती. वारा आला आणि पापुद्रा पाठीवर पडला.

आता येथली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुड एकट्याने घालत नाहीत. त्याला सावड लागते: आज तुझ्या कामाला माझे हात, उद्या माझ्या कामाला तुझे. पण न बोलावता कोणी जात नाही. ज्याचे घर तो घरधनी आदल्या दिवशी दारोदार फिरतो आणि सांगतो, उद्या माझ्या घरचा कुड आहे, या. जिवा दरसाल सांगत असे आणि पाडा येत असे. धनेशने हे अठ्ठावीस वेळा पाहिले होते. पण घरधनी सांगतो, आणि आपण घरधनी नाही, असे त्याच्या मनाने धरले. तो मोखाड्याच्या बाजारातून बांबूच्या चटया घेऊन आला आणि पडलेल्या भिंतीच्या जागी सुतळीने बांधून बसला. पाडा दुरून पाहत राहिला. कोणी आले नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. माझ्या ओट्यावर गावाचे एकही पाऊल उमटले नाही. धनेशने त्याचा अर्थ लावला. तो सुशिक्षित होता, त्यामुळे न उच्चारलेल्या शब्दांचा अर्थ त्याला फार लवकर लागे, आणि बहुधा चुकीचा.

ज्येष्ठात पुस्तके पुन्हा खोक्यांत गेली. हरेश टेम्पो घेऊन आला. खोकी पडवीत रचली जात असताना सुकरी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन पायवाटेने आली आणि थांबली.

“काय चाललांय ह्या?”

“ताई, सर नाशिकला चाललेत राहायला,” हरेश म्हणाला.

“तुला नाय विचारलां. तू सिमेट लाव.”

हरेश खोक्यामागे गेला. धनेश खाली पाहत म्हणाला, “सुकरीताई, जागा तुमची आहे. ‘जा’ म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून मीच निघतोय.”

“मी कधी म्हटलां जा?”

“म्हणाला नाहीत. पण नऊ महिने झाले, कोणी ओट्यावर पाय ठेवला नाही. भिंत पडली, तरी कोणी आलं नाही.”

“तू बोलावलंस?”

धनेशने खोक्यातले एक पुस्तक उगाच बाहेर काढले.

सुकरीने भारा धाडकन माझ्या ओट्यावर टाकला. “घरधनी बोलावतो तं आमी येतो. न बोलावता कशी येनार? तू बाजारातनं चटया आनल्यास, सुतळीनं बांधल्यास. अख्ख्या पाड्यानं बघितलां. आमचे हात काय मोडले होते? आमी म्हटलां, जिवा गेला, आता मास्तरला आमी नको.”

“पण मी घरधनी कसा होईन? मी जिवाचा कोण?”

“आता माला इचारतंस? इतकी वरसां कोन होतास ता नाय विचारलास.” तिने पदराने कपाळ पुसले. “भावाची बायको असती तं वयनी म्हटली असती. तुला वयनी म्हनाया जाते तं मिशी आडवी येते. म्हनून दादा म्हनते. त्याला काय कागद लागतो?”

टेम्पोवाला आधी हसला. मग हरेश हसता हसता खोक्यावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकले. धनेश मात्र उभाच होता. हातातले पुस्तक कुठे ठेवायचे हे न कळणाऱ्या माणसासारखा.

“मग मी उद्या सांगायला येतो,” तो शेवटी म्हणाला.

“उद्या ये. कोन नाय येनार.” सुकरीने भारा पुन्हा डोक्यावर चढवला. “जिवा सगळ्यांच्या भाताच्या आवणीत उभा ऱ्हायचा. तू कंदी वाफ्यात पाय घातलास? सावड तोंडानं नाय होत. आवणीला ये आधी. मंग बोलाव, मंग बघू.”

मित्रांनो, त्या ‘बघू’ मध्ये माझे आणि धनेशचे दोघांचे भवितव्य होते. खोकी पडवीतच राहिली, ताडपत्रीखाली, न उघडलेली. टेम्पो रिकामा गेला.

आषाढात भाताची आवणी सुरू झाली. साठ वर्षांचा भूगोलाचा प्राध्यापक पहिल्यांदाच गुडघाभर चिखलात उतरला. शेत माझ्या समोरच आहे, म्हणून मी सर्व पाहिले. पहिल्या दिवशी त्याने लावलेली रोपे संध्याकाळपर्यंत पाण्यावर तरंगत होती. बुध्याबाबा आता थकला आहे. तो इरले घेऊन बांधावर बसून असे.

“मास्तर, भात लावतंस का पोरांची वजनां करतंस? दाब जरा! अंगठ्यानं दाब!”

“दाबतोय, बाबा.”

“ते बघ, तुझां भात चाललां नदीला. बीचवर.”

बाया हसून वाकड्या झाल्या. चौथ्या दिवशी धनेशची ओळ सरळ झाली नाही, पण रोपे जागच्या जागी राहिली. सातव्या दिवशी त्याला कोणी हसेनासे झाले. हे मला हसण्यापेक्षा अधिक आशादायक वाटले. त्याने सुकरीच्या शेतात लावणी केली, बुध्याबाबाच्या शेतात केली, आणि ज्यांची नावे त्याला अठ्ठावीस वर्षांत विचारावीशी वाटली नव्हती अशांच्याही शेतात केली. त्याच्या बोटांची सालटी निघाली. विद्येकडून जे काम राहून गेले होते ते सालटी निघाल्यावर झाले.

भात कापून झाले. मार्गशीर्ष लागला. एका सकाळी धनेश माझ्या ओट्यावर उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होता. “उद्या जिवाच्या घरचा कुड आहे, या.” मग तो थांबे, मान हलवी आणि नव्याने म्हणे. “उद्या माझ्या घरचा कुड आहे.” ‘माझ्या’ म्हणताच तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. अखेर तो काठी घेऊन निघाला आणि दुपार कलेपर्यंत सगळी दारे फिरून आला. काय उत्तर मिळाले, असे आदल्याच दिवशी येऊन राहिलेल्या हरेशने विचारले. “कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं,” धनेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच दोघांनी चूल पेटवली. जो बोलावतो तो जेवू घालतो. नागलीच्या भाकरी हरेशच्या हातून फाटत होत्या आणि तो त्या शिवता येत नाहीत म्हणून चिडत होता. उडदाचे वरण शिजले. ऊन शेतावर आले, मग ओट्यावर आले, मग पडवीत शिरले. पायवाट रिकामी होती. धनेशने तीनदा हात धुतले. मीही, मित्रांनो, घराला जेवढे ताटकळता येते तेवढे ताटकळले.

प्रथम आला बुध्याबाबा, हात हलवत. “मी काम नाय करनार,” त्याने जाहीर केले. “मी चुका काढाया आलोय.” आणि तो खांबाला टेकून बसला.

त्याच्या मागून, वळणावर, कारवीचे भारे दिसले. सुकरीच्या डोक्यावरचा सर्वांत मोठा होता. तिच्या मागे बाया, पुरुष, कोणाच्या खांद्यावर कोयता, कोणाच्या डोक्यावर शेणाची पाटी. उशीर का झाला ते मला मग कळले: जवळची कारवी फुलून वाळली होती, म्हणून ते भल्या पहाटे वरच्या डोंगरावर जाऊन सरळ काठ्या निवडून आले होते. कोणी भाषण केले नाही. सुकरीने चटया ओढून काढल्या आणि विचारले, “दादा, घरधनी तू. बोल, दार कुठं ठेवायचां? नदीकडचां हाय ता ऱ्हाऊ दे का बुजवायचां?”

धनेशने हरेशकडे पाहिले. तीस वर्षांची दोन माणसांची भीती त्या दारात उभी होती. मग तो म्हणाला, “राहू दे. अंघोळीला जायला बरं पडतं.”

हरेश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मातीत उतरला आणि पायांनी चिखल तुडवू लागला. बुध्याबाबाने त्याच्या पहिल्या सात चुका दाखवल्या. कुड उभा राहिला. बाया लेप देऊ लागल्या, आणि धनेश त्यांच्या रांगेत गुडघे टेकून बसला. दुपारी सगळे पडवीत जेवले. तिथे रचलेल्या खोक्यांची अडचण होऊ लागली, तेव्हा सुकरीनेच पहिले खोके उचलून आत नेले आणि विचारले की एवढी पुस्तके माणसाला बोलावायला शिकवत नाहीत का.

मित्रांनो, माझ्या जीवनकथेतून काही बोध हवा असेल तर तो एवढाच घ्या. जुने घर पाहिले की त्याचे फोटो काढण्याआधी, ते कोणाचे, कोणी कोणासाठी बांधले, ते विचारा. आणि उत्तरात कोणतेही नाव आले तरी दचकू नका. कायदे आपल्या चालीने येतील. त्यांची वाट पाहा, त्यांच्याशी भांडाही. पण भिंतीला तेवढा दम नसतो. तिला दरसाल हात लागतात. शेजाऱ्याने बोलावले तर जा. आणि आपल्याला कोणी आपले म्हणेल की नाही अशी शंका आली, तर एकदा बोलावून पाहा.

तुम्ही इकडे आलात तर जरूर या. धनेश घरी असतो. फक्त पश्चिमेकडच्या भिंतीचा लेप अजून ओला आहे. आणखी दोन दिवस तिला टेकू नका.